बायकांचा अनुशेष कधी मोजणार?

प्रति,
मा. नियोजन मंत्री, मा. महिला व बालविकास मंत्री
आणि विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

एकात्मिक बालविकास योजनेत प्रकल्प अधिकारी म्हणून माझी सारी नोकरी झाली. बदली होईल तिथे बिऱ्हाड घेऊन गेले. तळकोकणात होते, मेळघाटात होते, बीड जिल्ह्यात होते, आणि शेवटची वर्षं कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात, म्हणजे माझ्या माहेरच्याच मुलखात गेली. मध्यंतरी घरातली कागदपत्रं आवरताना जुन्या मासिक अहवालांच्या प्रती सापडल्या. मुलूख चार, नमुना मात्र एकच. ज्या रकान्यांत मी कोकणातली बाई बसवली होती, त्याच रकान्यांत मेळघाटातली कोरकू आदिवासी बाई आणि बीडची ऊसतोडीची बाईही बसवली होती. ते अहवाल पुन्हा वाचले आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

‘महाराष्ट्रातील महिला’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. १९९४ साली या राज्यानं महिला धोरण आणलं, पुढे २००१, २०१४ आणि २०२४ मध्येही आणलं. स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा बायकांना दिल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपणच केला. या सगळ्याचा मला अभिमान आहे, आणि यातलं बरंच काही गावापर्यंत पोचवण्यात माझेही पाय झिजले आहेत. पण प्रत्येक धोरणाच्या आरंभी जी बाई गृहीत धरलेली असते, ती मला एकाही तालुक्यात भेटली नाही. ती सरासरीतली बाई आहे.

एकच आकडा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांना त्यांचं लग्न कधी झालं ते विचारलं. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. देशाचं २३.३ टक्के. म्हणजे आपण देशापेक्षा किंचित बरे, असं म्हणून फाईल बंद करता येते. पण त्याच सर्वेक्षणात परभणीचा आकडा ४८ टक्के आहे आणि बीडचा ४३.७ टक्के. ज्या बिहारचं नाव घेऊन आपण मान हलवतो, त्या बिहारचा ४०.८ टक्के आहे. आणि आपल्याच भंडारा-गोंदियात हे प्रमाण अगदी थोडं आहे. केरळ आणि बिहार यांच्यातलं अंतर बघायला महाराष्ट्राबाहेर जायची गरजच नाही. एका एस.टी.त बसून ते अंतर कापता येतं.

प्रादेशिक विषमता हा शब्द विधिमंडळाला नवा नाही. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि पुढच्या वर्षी तिनं अहवाल दिला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांत कोण किती मागे आहे, ते जिल्हावार मोजलं आणि ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष, म्हणजे भरून काढायची तूट, काढला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणात मुरला. त्या समितीनं नऊ क्षेत्रं मोजली होती. रस्ते, सिंचन, विजेची जोडणी, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा. जनावरांच्या दवाखान्यांचा अनुशेष मोजला गेला याचं मला वाईट वाटत नाही, शेतकऱ्याच्या घरातली आहे मी. पण बायकांचा अनुशेष त्या नऊत नव्हता. केळकर समितीनं २०१३ मध्ये प्रादेशिक विषमतेचा पुन्हा विचार केला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. एवढ्या चाळीस वर्षांत किती हेक्टर भिजायचं राहिलं, यावर तुम्ही सभागृह डोक्यावर घेतलंत. कोणत्या तालुक्यात किती बायकांच्या नावावर वीतभर जमीन नाही, किती मुली नववीनंतर शाळेत दिसत नाहीत, किती जणींचं गर्भाशय पस्तिशीच्या आत काढलं गेलं, याचा हिशोब कुणी मागितला नाही.

मी मागते आहे. आणि तो मुलूखनिहाय का मागते आहे, ते मी पाहिलेल्या बायकांवरून सांगते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा ९२९. एका बैठकीत हे आकडे कोकणातल्या स्त्रीच्या प्रगतीचा पुरावा म्हणून वाचून दाखवलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. खरं तर ते आकडे बाईबद्दल कमी आणि घरात नसलेल्या पुरुषाबद्दल जास्त सांगतात. गिरण्यांच्या काळापासून कोकणातला पुरुष मुंबईला आहे. घर, लावणी, गुरं, काजूची बी, सासूचं आजारपण, पोरांची शाळा सगळं बाईच्या अंगावर. तिला कुणी घरात कोंडत नाही. ती बाजारात जाते, सभेत बोलते, बचत गटाचं रजिस्टर चोख ठेवते. मुलीही शिकवते.

तिथल्या एका अंगणवाडी मदतनीस बाईंचं घर मला आठवतं. मे संपत आला होता, घर शाकारायचं राहिलं होतं, आढं एका बाजूनं कुजलेलं. मी म्हटलं, घरकुलासाठी अर्ज करा, नियमात बसताय. त्या म्हणाल्या, “बाई, जागा सामायिक आसा. ह्ये चवथीक येतले, तेवा इचारतंय.” मी सातबारा मागवून बघितला. त्यावर सत्तावीस नावं होती. त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेली बहुतेक मुंबईत. तिथे बारा महिने राहणाऱ्या, त्या जमिनीत गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या बाईचं नाव त्यात नव्हतं. चाकरमानी गणपतीला येणार, भावकीत विषय निघणार, न निघणार, तोवर पावसाळा अंगावरून जाणार. या बाईला धीर देणाऱ्या शिबिराची गरज नव्हती, धीर तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होता. तिला एक कागद हवा होता.

मेळघाटात गेले तेव्हा माझ्या डोक्यात ‘मागास’ हा शब्द घट्ट बसलेला होता. तो पहिल्या वर्षातच हलला. कोरकू समाजात लग्नात देज, म्हणजे मुलीसाठी द्यायचं मूल्य, मुलाकडचे देतात. मुलगी झाली म्हणून घरात तोंड पाडून बसलेली माणसं मला तिथे दिसली नाहीत. आठवडी बाजारात बाई स्वतः मोहाची फुलं विकायची, स्वतः मीठ-मिरची घ्यायची, उरलेल्या पैशांची गाठ स्वतःच्या पदराला मारायची. नवऱ्यानं हिशोब विचारला तर हसायची. पुण्या-कोल्हापुरातल्या किती शिकलेल्या घरांत हे चालतं, विचार करा. आदिवासी मुलखाचं हे शहाणपण आकड्यांतही दिसतं. २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे गडचिरोलीत ९६१ मुली होत्या. त्याच जनगणनेत सुखवस्तू कोल्हापुरात ८६३ होत्या, आणि बीडमध्ये ८०७.

पण पावसाळ्यात पूर आला की हीच कोरकू बाई बाळंतपणासाठी वेळेत दवाखान्यात पोचत नाही. पोचली तर तिथे तिची भाषा कुणाला येत नाही. मी स्वतः पहिले कितीतरी महिने तिच्याशी मराठीत मोठ्यानं बोलत होते, जणू मोठ्यानं बोलल्यावर कोरकू माणसाला मराठी कळते. तिला सबल करायला आलेल्या आम्ही सगळ्याजणी तिच्यासमोर मुक्या होतो. आणि मुंबईत बसून अमरावती जिल्ह्याचा आकडा पाहिला तर मेळघाटातले धारणी-चिखलदरा हे तालुके दिसतही नाहीत, अमरावती शहर त्यांना झाकून टाकतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर जव्हार-मोखाडा असेच ठाण्याच्या सरासरीत गाडले गेले होते. म्हणून मी जिल्हाही पुरेसा मानत नाही. मोजायचं तर तालुका मोजा.

आता बीड. याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या.

दसरा झाला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. टोळीच्या गाड्या भरतात, त्यात भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, तान्ही मुलं. अंगणवाडीच्या पटावर चाळीस मुलं आणि समोर बसलेली अकरा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पोरगा सतरा-अठराचा झाला की त्याचा कोयता पूर्ण करायला घरात सून लागते. पोरीच्या बापालाही घाई असते, कारण सहा महिने तो घरी नसणार. म्हणून हुंडा, अज्ञान, रूढी असे शब्द वापरून बीड-परभणीचे बालविवाह समजत नाहीत. तिथे लग्न हा मजुरीच्या कराराचा भाग झाला आहे. आणि उसाच्या फडात गेल्यावर पाळीच्या दिवसांत कामावर खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंडही लागतो. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो, आणि तिलाही वाटतं, कटकट गेली. २०१९ साली यावरून ओरड झाली, सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा सरकारच्याच पाहणीतला आहे. दर सहा बायकांमागे एक शस्त्रक्रिया, आणि राज्याच्या सरासरीत ती कुठेही टोचत नाही.

तिथल्या एका दिवसाबद्दल मी आजवर कुठेच लिहिलं नाही.

दुपारी फोन आला, अमुक वस्तीवर लग्न आहे, पोरगी दहावीत आहे. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला घेतलं, बीटच्या हवालदारांना घेतलं आणि आम्ही पोचलो. मांडव लहान होता. भाताचं पातेलं चुलीवर होतं. मुलीला आत खोलीत बसवलं होतं, हळद लागलेली. मी बापाला कायदा सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, मी अन् हिची माय सहा महिने कारखान्यावर. घरी आंधळी म्हतारी. पोरगी कुणाच्या जिवावर ठिऊ, तुम्ही सांगा. तुम्ही नेता का घरी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हमीपत्र पुढे केलं, त्यानं अंगठा दिला. लग्न थांबलं. निघताना मुलगी बाहेर आली. मुंडावळ्या तिनं स्वतःच सोडल्या होत्या, हातात गुंडाळून धरल्या होत्या. मला म्हणाली, “मॅडम, मग दहावीचा फॉर्म भरू का?” मी म्हटलं, भर.

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, ‘रोखलेले बालविवाह: १.’ तीन आठवड्यांनी सेविकेनं सांगितलं, मामाच्या गावी रात्री चार माणसांत लग्न उरकलं, आणि जोडी टोळीबरोबर गेलीसुद्धा. अहवालातला एक तसाच राहिला. ‘रोखलेल्या मुलीचं पुढे काय झालं’ असा रकानाच नमुन्यात नव्हता, आणि मीही वेगळा कागद जोडून ते कळवलं नाही. तो माझा दोष आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही. पण त्या बापाचा प्रश्न मी तुमच्यापर्यंत आणते आहे, कारण त्याचं उत्तर फक्त तुम्ही देऊ शकता. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी मुलीचा हात सोडतो. स्थलांतरितांच्या लहान मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. ज्या वयात बापाला धास्ती वाटायला लागते, नेमक्या त्या वयात, म्हणजे चौदा ते अठरा या चार वर्षांत, ती पोरगी सहा महिने सुरक्षित कुठे राहणार? मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या तालुक्यांत स्त्री सक्षमीकरण याचा अर्थ मला या एका प्रश्नात दिसतो. तिथे वर्षाला दहा जनजागृती फेऱ्या काढण्यापेक्षा दाराला कडी आणि जेवणाला भाकरी असलेलं एक वसतिगृह जास्त लग्नं थांबवेल.

आता माझ्या माहेरचा मुलूख. इथे रस्ते आहेत, पाणी आहे, साखर कारखाने, दूध संघ, महाविद्यालयं आहेत. मुली स्कूटीवरून इंजिनिअरिंगला जातात. अनुशेषाच्या कुठल्याही यादीत हा भाग येत नाही, आला तर देणाऱ्यांच्या रांगेत येतो. आणि इथेच मुली जन्माला कमी येतात. मला याचा संबंध जमिनीशी दिसतो. बागायती जमीन एकरी लाखांत गेली, घर लहान झालं, आणि मुलगी म्हणजे उद्याची वाटेकरी असं गणित मनात बसलं. उघडपणे कुणी बोलत नाही, पण बहिणीला बोलावून सही घेण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मलाही बोलावलं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, केंद्रानं तो २००५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. हे सगळं मी तक्ते लावून शेकडो बायकांना शिकवलं आहे. आणि तरी दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही तिघी बहिणी एका बाकावर बसलो, आळीपाळीनं अंगठे दिले, फोटो काढले आणि हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी दरडावलं नाही. वहिनीनं डबा आणला होता. भावानं साडी घेतली होती. माहेर तुटेल ही भीती पुरेशी होती. कार्यालयात मला कुणी एकटीला बाजूला घेऊन विचारलं नाही की बाई, हे तुम्हाला खरंच सोडायचंय का, आणि सोडताय त्याची किंमत तुम्हाला माहीत आहे का? कागदावर ‘राजीखुशीने’ हा शब्द आधीच छापलेला होता.

त्याच आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या स्वतः वापरतात असं बँक खातं असलेल्या बायकांचं प्रमाण चार-पाच वर्षांत ४५ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि स्वतःच्या किंवा सामायिक नावावर घर वा जमीन असलेल्यांचं प्रमाण ३४ वरून २३ टक्क्यांच्या आसपास घसरलं. देशाचा आकडा ४३ आहे. पासबुक आलं आणि सातबारा गेला. ज्या महाराष्ट्रात १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचा महासागर जमला, जिथे पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेला ओ देऊन गावंच्या गावं नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली, तिथे हे झालं आहे. ही घसरण कोणत्या तालुक्यात किती आहे, हे शोधायला नवं सर्वेक्षणही नको. हक्कसोडपत्रं नोंदणी विभागाकडे आहेत, फेरफार तलाठ्याकडे आहेत. फक्त मोजायची आहेत.

आता तुमच्या योजनांबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये महिन्याला हातात आल्यावर बाईच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं आहे, आणि त्याला भीक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण सगळीकडे एकच माप लावलं की काय होतं तेही पाहिलं आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. ज्या मुलखात दर अर्ध्या तासाला गाडी आहे तिथल्या बाईचे महिन्याला शेकडो रुपये वाचले. ज्या पाड्यावर एस.टी. येतच नाही तिथल्या बाईला त्यातून शून्य मिळालं. सवलत बाईला मिळत नाही, गाडीला मिळते. पैसे खात्यात येतात, पण त्याच आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या जेमतेम ५५ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, मग ओटीपी नवऱ्याच्या खिशात वाजतो. जिल्हा परिषदांच्या महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून मी चारही मुलखांत शिलाई मशीनच्या लाभार्थी याद्या केल्या. कोकणात केल्या, मेळघाटात केल्या, सहा महिने गावात नसणाऱ्या ऊसतोडीच्या बाईसाठीही केल्या. तिचं मशीन टोळी परत येईपर्यंत गोणपाटाखाली गंजत होतं.

वेगळं माप लावणं अशक्य आहे असं मात्र कुणी सांगू नये, कारण या राज्यानं ते एकदा करून दाखवलं आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके निवडले गेले, आणि निवडताना ग्रामीण भागातली स्त्री-साक्षरता हा एक निकष होता. त्या तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बस सुरू झाल्या. मला या राज्यात पाहिलेल्या सगळ्या सरकारी कामांत ती निळी बस सर्वांत जास्त आवडते. सकाळी साडेनऊला फाट्यावर उभ्या राहिलेल्या, रिबिनी बांधलेल्या आठ-दहा मुली, आणि बस दिसताच दप्तरं सावरत धावणं. बापानं ‘लांब पडतंय’ म्हणून जी शाळा थांबवली असती, ती त्या एका फेरीनं चालू राहिली. हे यश नेमकं का आलं? कारण कुणीतरी आधी विचारलं, या तालुक्यातल्या मुलीचं नक्की अडतं कुठे? अंतरावर अडत होतं, म्हणून बस दिली. हाच प्रश्न प्रत्येक तालुक्यात विचारला असता, तर सिंधुदुर्गात उत्तर ‘सामायिक सातबारा’ आलं असतं, धारणीत ‘भाषा आणि रस्ता’, बीडमध्ये ‘हंगामातलं वसतिगृह’, आणि माझ्या माहेरी ‘हक्कसोडपत्र’.

तर माझी मागणी अशी आहे. बायकांच्या अनुशेषासाठी दांडेकर समितीच्या तोडीची एक सत्यशोधन समिती नेमा, तालुका हे एकक धरा, आणि त्यात निम्म्याहून अधिक बाया अशा घ्या ज्यांनी त्या त्या भागात काम केलं आहे. लग्नाचं वय, दहावीनंतरचं शिक्षण, जमिनीची मालकी, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, स्वतःच्या हातातला फोन, दवाखान्यापर्यंतचं अंतर आणि तिथली भाषा, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बाईच्या जागी प्रत्यक्ष खुर्चीत कोण बसतं, एवढं तरी मोजा. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. तिचे तालुकावार आकडे हातात येतील तेव्हा ते कशासाठी वाचायचे हे आधीच ठरलेलं असू द्या, नाहीतर पुन्हा रत्नागिरीचं स्त्री-पुरुष प्रमाण कुठल्यातरी बैठकीत कौतुकानं वाचलं जाईल.

काही गोष्टींना समितीचीही वाट पाहायला नको. ऊसतोडीच्या तालुक्यांत चौदा ते अठरा वयाच्या मुलींची वसतिगृहं येत्या दसऱ्याआधी उघडा, त्यासाठी कारखान्यांकडून पैसा कसा घ्यायचा हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. हक्कसोडपत्राची नोंदणी करण्याआधी बाईला एकटीला विचारणं आणि सोडलेल्या हिश्श्याची बाजारकिंमत कागदावर लिहिणं दुय्यम निबंधकाला बंधनकारक करा. सामायिक जागेत वर्षानुवर्षं राहून शेत कसणाऱ्या बाईला घरकुलासाठी दूरच्या सहहिस्सेदारांच्या संमतीची अट शिथिल करा. मेळघाटातल्या भरतीत कोरकू बोलणाऱ्या मुलींना प्राधान्य द्या. आणि बालविवाहाच्या अहवालात एक रकाना वाढवा: रोखलेल्या लग्नातली मुलगी सहा महिन्यांनी कुठे आहे, शाळेत की फडात.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती मी बैठकांमध्ये अनेकदा ऐकली आहे. ‘असं तालुक्या-तालुक्याला वेगळं केलं तर प्रत्येक जण आपल्यावर अन्याय झाला म्हणेल.’ म्हणू द्या. सिंचनाच्या वेळी म्हणालेच की. त्यावर तुम्ही भांडलात, हिशोब मागितलात, राज्यपालांकडून निधीवाटपाचे निर्देश घेतलेत. बायकांसाठीही तसंच भांडा. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर २१ बाया निवडून आल्या. त्या एकवीस जणींना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्या मतदारसंघातल्या तालुक्याचे हे आकडे पक्ष न बघता एकत्र बसून मागवा. तुम्ही मागितले तर अधिकाऱ्यांना द्यावे लागतील. मी मागितले तेव्हा ‘असा नमुना उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं होतं.

हिवाळी अधिवेशनात नागपूरला दरवर्षी अनुशेषावर चर्चा होते. या वेळी त्या चर्चेत हा विषय कुणी मांडणार असेल तर मला एक पोस्टकार्ड टाका. प्रेक्षक सज्जात बसायला मी येईन. जुन्या अहवालांच्या प्रती सोबत आणीन, कुणाला पाहायच्या असतील तर.

आपली,
एक निवृत्त बालविकास प्रकल्प अधिकारी